वस्तू नेल्यात, आता अर्थ विचारायलाही या

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार,
आणि ज्यांच्या दालनात, कपाटात किंवा गोदामात सातपुड्यातली एखादी वस्तू आहे अशा सर्व संग्रहालयांचे विश्वस्त व अभिरक्षक यांस,



वाळलेल्या भोपळ्यांची एक माळ. जाड दोरीत ओवलेली, मध्ये मध्ये घुंगरू. मागे पांढरी भिंत, वर दिवा, खाली लेबल : ‘आदिवासी नृत्यसाहित्य, नंदुरबार जिल्हा’. लेबलावर गावाचे नाव नव्हते. जमात, वर्ष किंवा वस्तू देणाऱ्याचे नावही नव्हते. ज्या संग्रहालयात हे पाहिले त्याचे नाव मी लिहीत नाही. दोष एका ठिकाणचा असता तर तिथल्या अभिरक्षकांना चार ओळींचे पत्र टाकून मोकळा झालो असतो. पण अशी लेबले जागोजागी आहेत. ती वाचून शाळेची मुले पुढच्या कपाटाकडे जातात, पत्रकार तीच ओळ बातमीत घेतात आणि पुढचा अभ्यासक ती तळटीप म्हणून वापरतो. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी आदिवासी नाही. मोलगी-धडगावच्या बाजूला शिकवण्यात नोकरी गेली आणि आता तळोद्यात राहतो. त्यामुळे सातपुड्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा आव मी आणत नाही. बोलायचे आहे ते आपल्यासारख्यांशी, म्हणजे जे बाहेरून येतात, वस्तू हातात घेतात आणि तिचा अर्थ लिहितात त्यांच्याशी.

त्या माळेचेच घ्या. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत जो नवस करतो, तो बुध्या होतो. भोपळ्यांची ही माळ तो कमरेला बांधतो. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतो, अंगभर पांढरे ठिपके काढतो. पाहणाऱ्याला एवढेच दिसते, आणि फोटोतही एवढेच येते. पण माळ बांधली त्या दिवसापासून त्याची पालनी सुरू होते. तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य पाळतो. घरातल्या कुणाच्या आजारपणासाठी, मूल व्हावे म्हणून किंवा पिकासाठी बोललेला नवस तो अंगावर वागवत असतो. नाच होतो, रात्रभर होतो, ढोलाच्या तालावर शेकडो भोपळे एकदम खडखडतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण त्या नाचाला नवसाचे कारण आहे. माळ ही त्या नवसाची खूण आहे. ‘नृत्यसाहित्य’ म्हटले की नवस गळतो, पालनी गळते, आणि हातात भोपळे उरतात.

आता याच वस्तूवर थोडे अधिक लिहायचे म्हणून आपल्यापैकी कुणी पुस्तक उघडले, तर काय होईल? ‘होळी : फाल्गुन पौर्णिमेस साजरा होणारा सण’ असे सुरू होईल आणि लगेच प्रल्हाद व होलिकेची कथा येईल. सातपुड्यात हे दोन्ही लागू पडत नाही. इथे सगळीकडे एकाच रात्री होळी पेटत नाही. गावागावाचा दिवस ठरलेला असतो आणि तो गाव ठरवते, म्हणूनच बुध्यांना एका होळीवरून दुसऱ्या होळीला जाता येते. डाबच्या होळीचा मान वेगळा, काठीच्या राजवाडी होळीचा वेगळा. आणि जिला आपण जाळून टाकायची राक्षसीण म्हणतो, ती इथे आई आहे, तिला नवस बोलतात. काठीला होळीसाठीचा बांबू निवडून, मानाने आणतात. तो उभा करण्याचा खड्डा लोखंडी अवजार न वापरता खणतात आणि पहाटे होळी पेटते. जुन्या कथांत याहामोगी, राजा पांठा, गांडा ठाकोर यांची नावे येतात. प्रल्हादाची कथा ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी ती खरीच आहे. पण ती इथे आणून चिकटवली की समोरच्या माणसाचा देव आपण पुसून टाकतो, तेही त्याला माहिती देत असल्याच्या थाटात.

परक्या धर्मातली वस्तू समजून घेताना सर्वांत मोठा धोका हाच असतो. अगदी अनोळखी दिसणाऱ्या वस्तूपुढे माणूस थबकतो, निदान विचारतो तरी. जी वस्तू थोडीशी आपल्यासारखी दिसते तिच्याबाबतीत तो विचारायचे विसरतो. होळी, दिवाळी, शेंदूर, नारळ हे सगळे आपल्याकडेही आहे, मग विचारायचे काय? पण सातपुड्यातली दिवाळीसुद्धा अनेक गावांत पंचांगावर चालत नाही. पंच बसतात आणि दिवस ठरवतात.

भोंगऱ्या बाजाराचे काय झाले ते तर सर्वांसमोर आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारा हा बाजार. पाड्यापाड्यांवरून लोक उतरतात, होळीसाठी डाळ्या, खोबरे, साखरेचे हार-कंगन, कपडे, घुंगरू घेतात, ढोल वाजतात, नातेवाईक भेटतात. याला वर्षानुवर्षे ‘आदिवासींचा लग्नाचा बाजार’, ‘मुली पळवून नेण्याचा उत्सव’ असे छापले गेले. कुणीतरी एकदा लिहिले, पुढच्याने ते उतरवले, मग पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी उचलले. आदिवासी तरुणांनी आणि त्यांच्या संघटनांनी सातत्याने सांगितले की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, आमच्या मुलींची बदनामी थांबवा. तरीही दर फाल्गुनात कुठे ना कुठे तो मजकूर परत येतो. एकदा छापलेला चुकीचा अर्थ किती चिवट असतो याचे याहून वेगळे उदाहरण शोधायला नको. त्याची किंमत लिहिणाऱ्याने मोजली नाही. ती बाजारात गेलेल्या मुलींनी मोजली, जिच्या तिच्या तोंडापुढे कॅमेरे आले तेव्हा.

आपल्या जुन्या ग्रंथांविषयी थोडे बोलणे भाग आहे. खानदेशचे गॅझेटियर १८८० साली छापले गेले. त्यात भिल्लांविषयी पुष्कळ मजकूर आहे आणि आजही तो संदर्भ म्हणून वापरला जातो. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली, त्यानंतर दोन पिढ्यांनी हे लिखाण झाले. लिहिणाऱ्यांची पहिली काळजी बंदोबस्ताची आणि महसुलाची होती. आज ते पुस्तक जरूर वाचावे. त्या काळी साहेबाला काय दिसले हे त्यातून कळते. पण बुध्याच्या कमरेची माळ कशाची खूण आहे, यासाठी १८८० चा दाखला पुरेसा कसा मानायचा, जेव्हा ती माळ बांधणारा माणूस आजही काठीला, मोलगीला, धडगावला भेटतो? मोहेंजोदडोची मुद्रा वाचायला माणूस उरलेला नाही, तिथे तर्क करावाच लागतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. एवढी माणसे हयात असताना त्यांच्या वस्तूंचा अर्थ तर्काने लावण्याची गरज काय?

दुसरी एक वस्तू सांगतो. बांबूची टोपली. ती कुठल्याही हस्तकला दालनात मिळते आणि संग्रहालयात ‘बांबूकाम’ या सदरात ठेवलेली असते. महाशिवरात्रीच्या सुमारास अक्कलकुवा-तळोद्याच्या रस्त्यांवर ही टोपली पाहावी. माणसांचे थवेच्या थवे गुजरातेतल्या सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला निघालेले असतात. तिथे याहामोगी आहे, दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारी आई. तिच्याकडे जाताना टोपली नवी लागते. तिच्यात नवे धान्य असते, नारळ असतो, घरी काढलेली मोहाची पहिल्या धारेची दारू असते. टोपली डोक्यावरून न्यायची, भुईला लागू द्यायची नाही, अशी काळजी घेतलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. नवापूरच्या बाजूला नि गुजरातच्या हद्दीत बांबूकाम करणारे कोटवाळिया आहेत. अशी टोपली विणणाऱ्याला विचारले तर तो बांबू कोवळा की जून, कोणत्या दिवसांत तोडायचा, किडू नये म्हणून काय पाहायचे, धान्याच्या टोपलीची वीण कशी आणि कोंबड्यांच्या खुराड्याची कशी, हे सगळे बोटांनी दाखवत सांगतो. देवीला जाणारी टोपली आणि बाजाराला जाणारी टोपली कधी कधी एकाच हातची असते, एकाच विणीची असते. कपाटात ठेवल्यावर दोन्ही सारख्याच दिसतील. त्यांच्यातला फरक वस्तूत शोधून सापडणार नाही. तो घेणाऱ्याच्या मनात आणि त्या दिवसात आहे, आणि तो विचारल्याशिवाय कळणार नाही.

मोहाच्या दारूचेही तसेच. कायद्याच्या पुस्तकात ती दारूबंदीचा मुद्देमाल आहे. घरात मात्र पळसाच्या पानाच्या द्रोणात घेतली की आधी चार थेंब जमिनीवर पडतात, देवाचे आणि गेलेल्या वाडवडिलांचे. त्याला धार टाकणे म्हणतात. जन्माला, लग्नाला, मरणाला, भांडण मिटवताना ही धार पडते. ज्या मडक्यात ती दारू काढली त्याच्या लेबलावर ‘मद्य गाळण्याचे भांडे’ एवढेच लिहिले तर वाक्य खोटे नाही, पण वाचणारा जो समज करून घेऊन जाईल तो खोटा असेल. व्यसनाने सातपुड्यातली किती घरे बसली तेही मी पाहिले आहे. त्याविषयी बोललेच पाहिजे. पण धार टाकणाऱ्या म्हातारीला आणि गुत्त्यावर पडलेल्या माणसाला एका शब्दात गोळा करू नये.

आता आपल्या सर्वांत आवडत्या कामाविषयी, म्हणजे जतनाविषयी. नवापूर, डांग आणि तापीच्या पट्ट्यात वाघदेव आहेत. लाकडाचा किंवा दगडाचा उभा खांब, त्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले, शेंदूर माखलेला. वाघबारशीला तिथे पूजा होते, गुरे राखणारे जमतात. लाकडी खांब ऊन-पावसात उभा असतो. तो झिजतो, वाळवी लागते, कलतो. अनेक ठिकाणी त्याच्याशेजारी नवा बसवतात आणि जुना आहे तसा राहू देतात. बाहेरच्या माणसाला हे दुर्लक्ष वाटते. ‘अमूल्य ठेवा कुजतो आहे’ असे त्याला मनापासून वाटते आणि तो खांब उचलून नेऊन, औषध मारून, दिव्याखाली उभा करतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांचा तो देव आहे त्यांना विचारले का, की जुना खांब मातीत जाणे हेच ठरलेले आहे की काय? काही गावे म्हणतील, न्या, जपा. काही म्हणतील, हात लावू नका. उत्तर कोणतेही येऊ दे, विचारणे आधी आले पाहिजे.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांनी हेच सांगितले आणि जगाला ऐकावे लागले. त्यांचे अहायूदा हे लाकडात कोरलेले युद्धदेव. ते उघड्या डोंगरमाथ्यावर ठेवायचे आणि ऊन-वाऱ्यात हळूहळू विरू द्यायचे, अशी त्यांची रीत. संग्राहकांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उचलून नेले आणि मोठमोठ्या संग्रहालयांत उत्तम कलाकृती म्हणून मांडले. १९७८ साली झुनी पुढाऱ्यांनी डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडे ते परत मागितले. संग्रहालयाचा साहजिक प्रश्न होता की परत दिले तर ते नष्ट होतील. झुनींचे उत्तर होते की ते नष्ट व्हावेत म्हणूनच घडवले आहेत. १९८० साली डेन्व्हरने ते परत दिले. पाठोपाठ इतर संग्रहालयांनीही दिले. १९९० साली तिथे मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तूंविषयी कायदाच झाला. परत आलेले अहायूदा आज पुन्हा आकाशाखाली आहेत, फक्त चोरांपासून राखण म्हणून भोवती कुंपण आहे. न्यूझीलंडच्या माओरी वस्तू १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडल्या गेल्या तेव्हा प्रदर्शनाचे दार माओरी वडीलधाऱ्यांनी पहाटे आपल्या विधीने उघडले. एवढ्या मोठ्या संग्रहालयाचा मान त्यामुळे कमी झाला नाही.

परदेशात जायलाही नको. आपल्या हद्दीला लागून झालेले एक काम मला आदर्श वाटते. हकु शाह हे सुरत जिल्ह्यातल्या, आता तापी जिल्ह्यात असलेल्या वालोडचे. त्यांनी एबरहार्ड फिशर यांच्याबरोबर दक्षिण गुजरातेतल्या चौधरी, गामित आणि वसावा लोकांच्या लाकडी मगरदेवांवर १९७१ साली अहमदाबादेत एक पुस्तक काढले. हे गामित म्हणजे आमच्या नवापूरच्या गावित-मावचींचेच सोयरे. नवस फेडताना खांबावर बसवलेली ही मगर पाहून कुणीही ‘प्राणीपूजा’ असे दोन शब्द लिहून मोकळे होऊ शकले असते. हे दोघे गावोगाव गेले. मगर कोण घडवते, कुठे आणि कशासाठी बसवतात, पूजा कोण करतो, काय वाहतात, याची स्थळानुसार नोंद केली. म्हणून पन्नास वर्षांनंतरही ते पुस्तक उपयोगी पडते. हकु शाह त्या मुलखात वाढले होते. बाकीच्यांना ती सोय नसते, म्हणून त्यांनी अधिक वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात आपल्याकडे उलट होते. ज्याला मुलूख सर्वांत कमी ठाऊक त्याच्याच हाती दोन दिवसांचा दौरा आणि पन्नास लेबलांची यादी असते.

विचारायचे कुणाला, हा खरा अवघड भाग आहे. ‘नंदुरबारचे आदिवासी’ असे म्हणून चालत नाही. पावरा, भिल्ल, वसावे, मावची, कोकणी, तडवी, धानका, नाईकडा, सगळे शेजारी राहतात आणि त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. धडगावच्या पावऱ्यांत इंदलच्या रात्री कळंबाच्या फांद्या रोवतात. नवापूरच्या कोकणींचा डोंगऱ्या देव मार्गशीर्षात, डोंगरावर. एकाच्या वस्तूचा अर्थ दुसऱ्याला विचारला तर तो सौजन्याने काहीतरी सांगेल, आणि तेच पुढे छापले जाईल. गावातही एकच माणूस पुरत नाही. पुजाऱ्याला पूजेचे ठाऊक असते, बडव्याला आजारपणाचे आणि झाडपाल्याचे, भगताला आणखी वेगळे. ज्या बाईने तांदूळ दळून ठिपक्यांचे पीठ केले तिला तर कुणी विचारतच नाही, कारण पाहुण्यांसमोर ओसरीवर पुरुष बसलेले असतात. दोन जाणत्यांनी दोन अर्थ सांगितले तर आपले संशोधक गोंधळतात आणि त्यातला एक गाळतात. तसे करू नये. दोन्ही लिहावेत, कोणत्या गावी, कुणी सांगितले यासकट. जिवंत परंपरेत असे असतेच. पंढरीच्या विठोबाविषयी तरी आपण सगळे एकच कुठे सांगतो?

भाषेबाबत एवढेच मागणे आहे की सांगणाऱ्याचे बोलणे आधी त्याच्या भाषेत जसेच्या तसे ध्वनिमुद्रित व्हावे, देवनागरीत उतरावे, मराठी सारांश त्यानंतर. पावरी, देहवाली, मावची, नोइरी, कोकणी या भाषा लिहू शकणारे तरुण आज जिल्ह्यात आहेत. शिक्षक आहेत, पदवीधर आहेत, नर्मदेकाठच्या जीवनशाळांत शिकून मोठी झालेली मुले आहेत. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली आला, त्यात अशा भाषांची नोंद घेतली गेली. छोटा उदेपूरजवळ तेजगडला आदिवासी अकादमी आहे, तिथल्या संग्रहालयाचे नावच ‘वाचा’ आहे. म्हणजे हे होऊ शकते, आणि आपल्या शेजारी झाले आहे. पुण्याची आदिवासी संशोधन संस्था १९६२ पासून काम करते. डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा आदिवासी समाजातून आलेला अभ्यासक तिचा संचालक होता. त्या संस्थेकडून अपेक्षा अधिक आहेत, त्या याच कारणाने.

एक गोष्ट संशोधकांना पचायला जड जाते, ती स्पष्ट लिहितो. काही गोष्टी सांगायच्या नसतात. काही कथा ठरावीक दिवसांतच सांगतात. काही वस्तू बाईने पाहू नयेत, काही पुरुषाने, काही कुणीच परक्याने. ‘अर्थ काय’ असे विचारल्यावर समोरचा गप्प बसला, तर त्याला ठाऊक नाही असे समजू नये. त्याने नाही म्हटले असेल. त्या नकाराचीही नोंद व्हावी : ‘या वस्तूविषयी अधिक सांगण्यास गावाने नकार दिला आहे.’ माझ्या मते हे लेबल अपुरे ठरत नाही. ते प्रामाणिक आहे. आणि ज्या वस्तू दाखवायच्याच नाहीत असे गावाने सांगितले, त्या काचेमागून काढून घ्याव्यात.

हे मी भलेपणाच्या नावाने मागत नाही, कायद्यातच आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीचा पेसा कायदा १९९६ साली झाला. त्याच्या चौथ्या कलमाने ग्रामसभेला आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख राखण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. गौण खनिजासाठी, जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो हे कार्यालयांना आता कळले आहे. मग गावचा देव उचलून नेताना, त्याचा अर्थ छापताना, बुध्यांना कुणाच्या तरी स्वागतासाठी भर पावसाळ्यात मोरपिसांचा टोप घालून रस्त्यावर उभे करताना ग्रामसभा का आठवत नाही? ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, स्वतःच्या मिरवणुकीत काय घालायचे, कुठे नाचायचे हा त्या समाजाचा निर्णय आहे, त्यात आपण बोलू नये. पण सरकारी कार्यक्रमाची मागणी आली की गरीब माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मागणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आणि हे विचारण्याचे काम घाईने व्हायला हवे, त्यालाही कारण आहे. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी ही नावे आपण आंदोलनाच्या बातम्यांत वाचली. गावांबरोबर त्यांचे गावदेव, देवाची झाडे आणि नवाईचे नवे धान्य ज्या दगडापुढे पहिल्यांदा ठेवायचे ते दगडही पाण्याखाली गेले. माणसे तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली. कुणी देव बरोबर आणला, कुणी नवा बसवला, कुणाला कसा आणावा हे ठाऊक असलेला पुजारा वाटेतच गेला. त्या ठिकाणांचा अर्थ ज्यांनी प्रत्यक्ष तिथे पूजा करून जाणला, ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापाशी बसायला आजच माणूस पाठवला नाही तर पुढे कितीही निधी आला तरी उपयोग नाही.

म्हणून माझी मागणी. आपल्याकडे नंदुरबार, धुळे, जुन्या पश्चिम खानदेशातून आलेल्या जेवढ्या वस्तू आहेत त्यांची यादी छायाचित्रांसह उघड करा आणि ती पंचायत समित्यांमार्फत ग्रामसभांकडे पाठवा. ज्या वस्तूचे गाव ठाऊक नाही तिच्यापुढे ‘गाव अज्ञात’ असे खरे लिहा, अंदाज लिहू नका. मग प्रत्येक जमातीतल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना बोलवा किंवा, त्याहून चांगले, वस्तू घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांचा दिवस बुडतो त्याची मजुरी द्या, वृत्तान्तात त्यांचे नाव त्यांच्या परवानगीने अभ्यासक म्हणून घाला, ‘माहिती देणारा’ म्हणून कोपऱ्यात नको. जे लिहाल ते छापण्याआधी गावात वाचून दाखवा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा. लेबलावर कोणी सांगितले, कुठे, कधी, ही ओळ सक्तीची करा. जुन्या लेबलांवर ‘अर्थ तपासणे चालू आहे’ अशी पट्टी लावायला आजच्या आज एक पैसा लागत नाही.

आणि सुरुवात होळीपासून करा. भोंगऱ्या बाजार भरेल तेव्हा धडगावला या, मोलगीला या. कॅमेरा पिशवीत ठेवा. आपल्या कपाटांतल्या वस्तूंची छायाचित्रे बरोबर आणा आणि बाजाराच्या दिवशी एखाद्या झाडाखाली मांडून बसा. कोणती वस्तू कुणाची, कशाची, दाखवायची की नाही, हे सांगायला लोक आपणहून येतील. नवस धरलेल्यांशी बोलायचे असेल तर आधी गावच्या पोलीस पाटलांना आणि पुजाऱ्यांना निरोप द्या, पालनी संपेपर्यंत थांबा, मग विचारा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तळोदा, जि. नंदुरबार